आपली वही आपल्या हाती



नीरेच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत पसरलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची ओळख ऊस, द्राक्षे, डाळिंब, दूध आणि सहकारी साखर कारखाने यांमुळे आज सर्व महाराष्ट्राला आहे. परंतु या भूमीची आणखी एक ओळख आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. शेतकऱ्याविषयीची माहिती कोणी गोळा करावी, ती कोणाच्या वहीत लिहिली जावी आणि त्या वहीतील नोंद तपासून पाहण्याचा अधिकार कोणाला असावा, या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकात येथे दोन मोठ्या घटना घडल्या. त्यांचे स्मरण आज मुद्दाम करावयाचे ते एवढ्यासाठी की, तोच प्रश्न मोबाइलच्या रूपाने आता प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आत येऊन बसला आहे.

इंदापूरची मोजणी

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर कंपनी सरकारने दख्खनमधील जमिनीची नव्याने मोजणी व आकारणी करण्याचे ठरविले. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी १८३० च्या सुमारास इंदापूर तालुक्यात लागू झाली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न आणि खर्च यांचा हिशेब मांडून त्यावरून सारा ठरविण्याची ही पद्धत कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होती. परंतु उत्पन्नाचे अंदाज वास्तवापेक्षा फार अधिक धरले गेले होते आणि हाताखालच्या नोकरवर्गाने केलेल्या नोंदींत चुका व लबाड्या शिरल्या होत्या. ज्याच्या शेताची ती नोंद, त्याला ती वाचता येत नव्हती आणि दुरुस्त करून घेण्याचा मार्गही नव्हता. परिणामी साऱ्याचा बोजा असह्य होऊन कित्येक शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरचे काम पुन्हा हाती घेतले आणि १८३६ पासून कमी दराची, तीस वर्षे मुदतीची आकारणी तेथे सुरू झाली. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र जी जमीन मोजणीची पद्धत रूढ झाली, तिचा पाया इंदापुरात घातला गेला तो असा. दुसऱ्याने लिहिलेली चुकीची नोंद माणसाला आपल्या शेतातून उठवू शकते, हा धडा इंदापूरने महाराष्ट्रास दिला.

सुप्याचा बाजार

दुसरी घटना आज बारामती तालुक्यात असलेल्या आणि त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या सुपे या गावची. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले आणि तगादे सुरू झाले. शेतकऱ्याचा अंगठा कोणत्या मजकुराखाली उमटला आहे, किती फेड झाली आणि किती बाकी राहिली, हे केवळ सावकाराच्या वहीस ठाऊक होते. फेडीची पावती नाही, खतपत्राची नक्कल नाही, हिशेबाची प्रत नाही, अशी स्थिती होती.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद झालेल्या प्रकरणाची ही सुरुवात होय. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. बहुतेक ठिकाणी जमावाचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. जेथे सावकाराने कर्जखते व वह्या स्वाधीन केल्या, तेथे त्यांची होळी करून लोक बहुधा परत गेले; जेथे नकार मिळाला, तेथे प्रकरण हातघाईवर आले.

वह्या जाळून प्रश्न सुटला नाही, सुटणारही नव्हता. कर्जाची गरज कायम होती. खरी सुधारणा झाली ती वहीविषयीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य झाल्यावर. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोस भरलेल्या रकमेची लेखी पावती मिळण्याचा, दरवर्षी हिशेबाचा उतारा मिळण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा अधिकार दिला. खतपत्रे गावनिबंधकासमोर करण्याची व्यवस्था झाली. कर्जबाजारीपणा एका कायद्याने संपला नाही हे खरे. परंतु वही एकट्या सावकाराची राहिली नाही. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतसंस्था निघू लागल्या आणि शेतकरी आपल्याच संस्थेच्या वहीचा मालक झाला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने हे त्याच वाटचालीचे पुढचे टप्पे होत.

नवी वही

आता आजच्या काळाकडे वळावयास हरकत नाही. समजा, इंदापूर तालुक्यातील एका वाडीवर पाच माणसांचे एक शेतकरी कुटुंब राहते. पहाटे दूध संकलन केंद्राचा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. घरातील गृहिणी किराण्याचे पैसे मोबाइलवरून देतात. मुलगा डाळिंबावरील तेल्या रोगाचे औषध गूगलवर शोधतो. वडील बारामतीच्या रुग्णालयाचा रस्ता नकाशावर पाहतात. मुलगी यूट्यूबवर गणिताचा पाठ ऐकते. या पाचही कामांसाठी कोणी एक रुपया मागत नाही. यांतील प्रत्येक सेवा सोयीची आहे, हेही निर्विवाद आहे.

मात्र या सेवा चालविणाऱ्या कंपन्या धर्मादाय संस्था नाहीत. गूगल व व्हॉट्सॲपची मालक असलेली मेटा या दोन्ही कंपन्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जाहिरात हा आहे. कोणास काय हवे आहे, कोण कोठे जातो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला पैशांची निकड आहे, याचा अंदाज जितका अचूक, तितकी जाहिरातीची जागा मोलाची. व्हॉट्सॲपवरील संदेशाचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद असतो आणि तो कंपनीलाही वाचता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो, ही माहिती मजकुराहून निराळी असते आणि तीही बरेच काही सांगून जाते. अशा रीतीने त्या कुटुंबाची एक खतावणी रोज लिहिली जाते. ती कोठे ठेवली आहे, तीत काय लिहिले आहे आणि चूक असल्यास ती कोणी सुधारावी, हे त्या कुटुंबातील कोणासही ठाऊक नसते. सुप्याच्या शेतकऱ्याची अडचण नेमकी हीच होती.

हा दाखला ओढूनताणून दिलेला नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून क्षणात कर्ज देणारी अनेक ॲप निघाली. त्यांतील बेकायदेशीर ॲपनी कर्जदाराच्या फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक व छायाचित्रे उचलली आणि हप्ता थकताच सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून, छायाचित्रे विकृत करून बदनामीची धमकी दिली. देशात ठिकठिकाणी यातून आत्महत्यांच्या घटना घडल्या. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून कर्ज देणाऱ्या ॲपना कर्जदाराच्या फोनमधील संपर्क यादी, फाइली आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. अधिकृत बँका व वित्त संस्थांशी संलग्न असलेल्या ॲपची यादीही २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. ज्या ॲपचे नाव त्या यादीत नाही, त्याच्याकडून कर्ज न घेणे ही पहिली सावधगिरी होय. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

तंत्रज्ञान नको, असे नव्हे

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. बारामतीने तंत्रज्ञानाकडे कधीच पाठ फिरविली नाही. २००३ च्या सुमारास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘आक्वा’ ही शेतीविषयक प्रश्नोत्तरांची संगणकीय सेवा सुरू केली, तेव्हा शेतकऱ्यांच्या मराठी प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी केले. प्रश्न शेतकऱ्याचा, भाषा त्याची, उत्तर देणारी संस्था परिसरातील, आणि मधली यंत्रणा एका सार्वजनिक शिक्षण संस्थेची, असा तो मेळ होता. अलीकडे बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे पाणी व खत केव्हा द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिला जातो. २०२५ मध्ये या प्रयोगाचा उल्लेख जगभर झाला.

अशा प्रयोगांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शेतातील ओलावा, मातीचा कस, उसाची वाढ ही माहिती म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची आगाऊ मोजदाद आहे. ती शेतकऱ्यास पाहता यावी, तिची प्रत त्याला मिळावी आणि त्याच्या संमतीवाचून ती तिसऱ्याच्या हाती जाऊ नये, अशी अट प्रत्येक करारात स्पष्ट शब्दांत असावी. इंदापूरच्या पहिल्या आकारणीत उणीव होती ती एवढीच. मोजणीला विरोध नसावा. मोजलेल्यावर हक्क असावा.

कायद्याने दिलेले पासबुक

सुदैवाने कायदा या बाबतीत मूक नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात याव्यात, अशी टप्प्याटप्प्याची योजना आहे.

या कायद्याने नागरिकास आपली कोणती माहिती कोणाजवळ आहे हे विचारण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा, अनावश्यक माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा आणि दिलेली संमती परत घेण्याचा अधिकार दिला आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरणार आहे. १८७९ च्या कायद्यातील पावती, उतारा आणि पासबुक यांचीच ही नवी रूपे आहेत. मात्र पासबुक मागितल्याशिवाय मिळत नाही, हा जुना अनुभव विसरता कामा नये.

घरात कोठून सुरुवात करावी

कायद्याची अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ज्या सेवा माणसाची खतावणी लिहीत नाहीत, अशा पर्यायी सेवा आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील बहुतेक विनामूल्य आहेत. सर्व काही एका दिवसात बदलण्याचा प्रयत्न केला तर तो बहुधा आठवड्यात सुटतो. म्हणून सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम हितकर ठरेल.

प्रथम घरातील मोबाइलची झाडाझडती घ्यावी. फोनच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ हा विभाग असतो. विजेरीच्या ॲपला संपर्क यादी कशासाठी हवी, खेळाच्या ॲपला ठिकाण कशाला हवे, असे प्रश्न विचारीत प्रत्येक अनावश्यक परवानगी काढून घ्यावी आणि न वापरलेली ॲप पुसून टाकावीत. या कामास अर्धा तास पुरतो, काहीही नवे शिकावे लागत नाही आणि लाभ सर्वांत मोठा असतो.

दुसरी पायरी इंटरनेट पाहण्याच्या साधनाची. मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली तयार होणारा फायरफॉक्स हा ब्राउझर मराठीतही चालतो. त्यात शोधासाठी डकडकगो ही सेवा निवडली, तर शोधणाऱ्याचा इतिहास साठविला जात नाही. स्थानिक दुकाने, मराठी बातम्या अशा शोधात तिचे निकाल कधीकधी तोकडे पडतात. अशा वेळी गरजेपुरता जुन्या सेवेचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. मराठी टंकलेखनाचा कळफलकही जपून निवडावा, कारण फोनवर लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच्या डोळ्यांखालून जाते. ‘इंडिक कीबोर्ड’ हा भारतीय कार्यकर्त्यांनी तयार केलेला मुक्त कळफलक मराठीला उपयोगी आहे.

तिसरी पायरी कागदपत्रांची. अर्ज, हिशेब, गटाच्या बैठकीचे इतिवृत्त यांसाठी २०१० पासून विकसित होत असलेले लिब्रे ऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर विनामूल्य बसविता येते. त्याला परवान्याचे वार्षिक शुल्क नाही आणि कागद आपल्याच संगणकात राहतो. छायाचित्रे आणि महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. सातबारा उतारा राज्य शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. मधल्या खासगी ॲपला गट क्रमांक व फोन क्रमांक देण्याचे कारण नाही. आधारची प्रत द्यावी लागेल तेथे शक्यतो पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. तशी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते.

चौथी पायरी पैशांची. मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची आहे. मोठ्या कंपन्यांची ॲप ही तिची केवळ दारे आहेत. त्याच महामंडळाचे भीम ॲप डिसेंबर २०१६ पासून उपलब्ध आहे, ते मराठीत चालते आणि त्यावरून तेच काम होते.

पाचवी आणि सर्वांत अवघड पायरी संदेशांची. सिग्नल हे ॲप एका ना-नफा प्रतिष्ठानच्या वतीने चालविले जाते, त्यात जाहिराती नाहीत आणि खाते केव्हा उघडले व शेवटी केव्हा वापरले, याहून फारशी माहिती ते स्वतःजवळ ठेवीत नाही. परंतु गावातील सर्व मंडळी व्हॉट्सॲपवर असताना एकट्याने सिग्नलवर जाऊन बसणे म्हणजे बाजार भरलेला सोडून रिकाम्या चावडीवर जाण्यासारखे आहे. म्हणून प्रथम फक्त घरातील पाच माणसांचा गट सिग्नलवर करावा. आजारपण, पैसे, मुलींची छायाचित्रे, जमिनीचे व्यवहार एवढे विषय तेथे न्यावेत. लग्नपत्रिका आणि दूध केंद्राच्या सूचना जेथे येतात, तेथे येऊ द्याव्यात.

नकाशा आपल्या गावचा

नकाशाचा विषय मात्र स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम सुरू झाला. कोणीही त्यात भर घालावी आणि कोणीही तो विनामूल्य वापरावा, असा हा जगाचा नकाशा आहे. त्यावर आधारलेले ऑर्गॅनिक मॅप्ससारखे ॲप इंटरनेट नसतानाही चालते आणि वापरणाऱ्याच्या हालचालींची नोंद ठेवीत नाही. त्यात एक उणीव आहे: ग्रामीण भागातील वाड्या, वस्त्या, पाणंद रस्ते, कालव्याच्या चाऱ्या, पाझर तलाव, प्राथमिक आरोग्य उपकेंद्रे यांच्या नोंदी अनेक ठिकाणी अपुऱ्या आहेत.

ही उणीव बाहेरचा कोणी येऊन भरून काढणार नाही. मात्र एखाद्या माध्यमिक शाळेतील नववीच्या वर्गाने शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली दिवाळीच्या सुटीत आपल्या गावाची पाहणी केली, तर एका सुटीत एक गाव नकाशावर येऊ शकते. रात्री रुग्णवाहिका कोणत्या पाणंदीने वस्तीवर पोहोचेल, हे त्यातून कळेल. ज्या इंदापूर तालुक्याची मोजणी दोन शतकांपूर्वी परक्या अधिकाऱ्यांनी केली, त्याच तालुक्याचा नकाशा तेथील मुलांनी आपल्या हाताने काढावा, चुकला तर स्वतः सुधारावा आणि सर्वांसाठी खुला ठेवावा, यापेक्षा अधिक उचित शिक्षण कोणते?

संस्थांची जबाबदारी

एक कुटुंब फार तर आपले दार बंद करू शकते. गावाची माहिती जपण्याचे काम संस्थांचे आहे. दूध संस्था, विकास सोसायट्या, पतसंस्था, शाळा आणि ग्रामपंचायती आपल्या सभासदांच्या याद्या, आधारच्या प्रती, बँक खात्यांचे क्रमांक अनेकदा समाजमाध्यमांवरील गटांत टाकतात. सोय म्हणून केलेली ही गोष्ट सभासदाच्या नुकसानीचे कारण होऊ शकते. अशा याद्या कार्यालयात किंवा संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेतच राहाव्यात, असा ठराव प्रत्येक संस्थेने आपल्या सर्वसाधारण सभेत करावा. त्याला खर्च येत नाही.

केवळ खासगीपणाचाच नव्हे, तर स्वावलंबनाचाही हा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण देऊन मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा अचानक थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाची पत्रे व कागद दुसऱ्या खंडातील निर्णयाने एका रात्रीत अडकू शकतात, तर ऐन गाळप हंगामात एखाद्या सहकारी संस्थेच्या नोंदी अडकल्यास काय होईल, याचा विचार संचालक मंडळांनी केला पाहिजे. नोंदींची एक पूर्ण प्रत आपल्या आवारातील यंत्रावर आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने उघडेल अशा खुल्या स्वरूपात असावी, ही त्यावरची किमान तजवीज होय.

हे अशक्य नाही, याची उदाहरणे समोर आहेत. केरळ राज्यात शालेय संगणक शिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त संगणक प्रणालीवर चालते आणि शिक्षकांनाच तिचे प्रशिक्षण दिले जाते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे तीस हजार शासकीय संगणकांवर लिब्रे ऑफिस आणण्याचा निर्णय घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक टपालखाती मुक्त प्रणालीवर नेली. या कामात अडथळे आले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही आल्या. परंतु काम थांबले नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या राष्ट्रीय संस्थेने ‘बॉस’ ही मुक्त संगणक प्रणाली भारतीय भाषांसह तयार केली आहे. म्हणजे आवश्यक ते ज्ञान पुणे जिल्ह्यातच आहे. त्याला बारामतीच्या महाविद्यालयांतील संगणक विभागांची आणि इंदापूरच्या गावांची जोड मिळणे एवढेच उरते.

मर्यादांचे भान

पर्यायी सेवांची स्तुती करताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांतील अनेक सेवा देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून एकदा अल्पशी रक्कम देणे योग्य ठरेल. सर्व वहीवर ताबा मिळविता येईल, असेही नाही. दूरध्वनी कंपनी, बँक आणि शासन यांच्याजवळ काही माहिती राहणारच, आणि ती राहणे कित्येकदा हिताचेही असते. वयोवृद्धांना नवे ॲप शिकणे जड जाते. त्यांच्यावर सक्ती न करता घरातील तरुणाने शेजारी बसून शिकवावे. शिवाय कोणत्याही साधनापेक्षा सवय महत्त्वाची. ओटीपी फोनवर सांगणाऱ्याला कोणतेही ॲप वाचवू शकत नाही.

परंतु मर्यादा आहेत म्हणून प्रयत्नच करू नये, हा विचार या मातीत रुजणारा नाही. ज्यांच्या पूर्वजांनी दुष्काळी माळावर कालव्याचे पाणी पोहोचताना पाहिले आणि सावकारी पाशातून सुटून स्वतःच्या संस्था उभारल्या, त्यांना हे काम नवे नाही.

दिवाळीच्या सुमारास बारामतीच्या बाजारपेठेत व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. वही ही विश्वासाची वस्तू आहे, ही त्यामागची भावना. सुप्याच्या शेतकऱ्यांना वह्या जाळाव्या लागल्या, कारण त्यांत आपल्याविषयी काय लिहिले आहे हे विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आजच्या पिढीला तो अधिकार कायद्याने मिळतो आहे आणि स्वतःची वही स्वतः ठेवण्याची साधनेही हाती आहेत. घरातील एका मोबाइलच्या परवानग्या आज रात्री तपासून पाहिल्या, तरी या कामाचा प्रारंभ झाला असे समजावे.